अंगत-पंगतीला न्यायची भाजी: दोन तासांनी डबा उघडल्यावरही जशीच्या तशी

अंगत-पंगतीला नेलेली भाजी बहुतेक वेळा कढईत बिघडत नाही, ती डब्यात बिघडते. घरी चाखताना सुटी आणि खमंग लागलेली गवार झाकणाखालच्या वाफेने ओली होते, भेंडीचा गोळा बनतो, कोशिंबिरीच्या तळाशी पाणी साठते आणि भरल्या वांग्यांचा रस्सा इतका आळतो की त्यात पळी उभी राहते. करणाऱ्याच्या हाताला चव नसते असे मुळीच नाही. भाजी ज्या वेळी ताटात पडणार आहे, त्या वेळेसाठी ती केलेली नसते.

पुढील पद्धत वीस माणसांच्या जेवणासाठी दिली आहे. जेवण दुपारी एक वाजता पन्हाळ्यावर आहे आणि डबा कोल्हापुरातून साडेअकराला निघणार आहे, असे धरले आहे. कार्यालयातले किंवा सोसायटीच्या गच्चीवरचे जेवण असेल तर प्रवास वगळावा. बाकीचा क्रम तोच राहतो.

## टप्पा १: भाजी निवडण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न, बाकीचे काय आणणार आहेत? एका सहलीत सहापैकी चार डब्यांतून बटाट्याची भाजी निघालेली मी पाहिली आहे. प्रत्येकीने ‘बटाटा सगळ्यांना चालतो’ असा विचार केला होता आणि तो चुकीचाही नव्हता. फक्त एकमेकींना कोणी विचारले नव्हते. एक कोरडी भाजी, एक रस्साभाजी किंवा भरली भाजी आणि एक कोशिंबीर अशी वाटणी दोन दिवस आधी ठरली पाहिजे.

दुसरा प्रश्न, कोणाला काय चालत नाही? कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे वीस जणांच्या पंगतीत कांदा, लसूण, बटाटा आणि बऱ्याचदा वांगेही न खाणारी दोन-तीन माणसे सहज असतात. शिवाय वर्षासहली नेमक्या चातुर्मासात येतात. कांदेनवमी होऊन गेली की अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे बंद होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत भरल्या वांग्यांचे डबे घेऊन लोक पन्हाळ्याला निघतात. अशा वेळी गवार किंवा घेवडा कांदा-लसणाशिवाय करणे हाच शहाणपणा आहे. मात्र मग कढईत कांदा-लसूण चटणीही पडता कामा नये. ‘मी वेगळा लसूण घातला नाही’ असे म्हणून चटणी घालणे ही फार वारंवार होणारी चूक आहे. त्या ऐवजी साधे लाल तिखट आणि गोडा मसाला वापरावा. शेंगदाणा कोणाला बाधतो का, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न, तिथे चूल किंवा गॅस आहे का? नसेल तर ‘तिथे गेल्यावर गरम करू’ या भरवशावर काहीही करू नये.

या कसोटीवर गवार, घेवडा, भरली वांगी, भरली दोडकी, सुकी मटकी आणि घटक वेगवेगळे नेलेली कोशिंबीर उतरते. भेंडी घरीच बरी. मेथी-पालकासारखी पालेभाजी वीस माणसांना करायची तर जुड्यांचा ढीग निवडावा लागतो, शिजून ती मूठभर उरते आणि डब्यात तिचा हिरवा रंग काळपट होतो. दुधी आणि पडवळ पाणी सोडतच राहतात.

सूचना: ओले खोबरे घातलेली भाजी प्रवासाला नेऊ नये. उष्म्यात ती सर्वांत आधी आंबते. ज्या भाजीत खोबरे हवेच असेल तिथे सुके खोबरे भाजून घालावे.

## टप्पा २: प्रमाण

घरी पाव किलो गवार चौघांना पुरते, म्हणून वीस माणसांना सव्वा किलो, हा हिशोब योगायोगाने जमतो. पण तोच हिशोब वांग्यांना लावला की अडीचपट वांगी होतात. घरी एकजण तीन वांगी खाईल, पंगतीत समोर सहा पदार्थ असताना तो एकच घेतो. कोरडी भाजी माणशी साधारण ६० ग्रॅम शिजलेली धरावी. भरल्या वांग्यांत माणशी एक आणि वर चार, म्हणजे चोवीस नग घ्यावेत. साधारण ५० ग्रॅमचे एक या हिशोबाने ती सव्वा किलोच्या आसपास भरतात. कोशिंबिरीला दीड किलो काकडी पुरे.

पाणी मात्र पटीत वाढवू नये. वाफ कढईच्या तोंडाएवढीच निघते, भाजी पाचपट झाली म्हणून ती पाचपट निघत नाही. म्हणून घरच्या पाव वाटीची सव्वा वाटी केली तर भाजी शिजण्याऐवजी उकडते. सव्वा किलो गवारीला अर्धी ते पाऊण वाटी पाणी पुष्कळ होते. तिखटाचा पटीने हिशोब करून त्यातला चौथा भाग कमी करावा, कारण पंगतीत लहान मुले आणि बाहेरगावचे पाहुणे असतात. ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी खर्डा वेगळ्या डबीत न्यावा. मीठ वजनावर ठरवावे. एक किलो भाजीला सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे आणि वर थोडे, एवढ्याने सुरुवात करावी.

तपासणी: कांदा-लसूण चटणीत मीठ असते. ती किती खारट आहे हे बोटाने चाखल्याशिवाय भाजीत मीठ घालू नये.

## टप्पा ३: आदल्या दिवशीची तयारी

कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात आदल्या दिवशी सकाळी जावे. संध्याकाळपर्यंत सारख्या आकाराची वांगी निवडून गेलेली असतात, आणि भरल्या वांग्यांत आकाराला चवीइतकेच महत्त्व आहे. मोठे वांगे कच्चे राहते तेव्हा त्याच भांड्यातले लहान वांगे विरघळून गेलेले असते. देठ हिरवा आणि ताठ, साल चकचकीत आणि दाबल्यावर लगेच वर येणारी असावी. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर उत्तमच. गवारीची शेंग मोडून पाहावी. टचकन मोडली तर कोवळी. वाकून धागा सुटला तर ती घेऊ नये, कारण जून गवार कितीही शिजवली तरी चोथाच होतो. काकडी मध्यम आणि गडद हिरवी घ्यावी; पिवळी पडलेली काकडी बियांनी भरलेली असते आणि तीच सर्वांत जास्त पाणी सोडते.

रात्री पुढील कामे उरकावीत. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, साले काढून त्यांचे जाडसर कूट करावे. गरम शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवले तर तेल सुटून त्यांचा लगदा होतो. तीळ आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजावे, कारण तीळ तडतडून होईपर्यंत खोबरे करपलेले असते. गवार धुऊन, कापडावर कोरडी करून, दोन्ही बाजूंच्या शिरा काढून मोडून ठेवावी आणि कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. दही पातळ फडक्यात बांधून फ्रीजमध्येच टांगावे किंवा चाळणीत ठेवून खाली वाडगे ठेवावे. अर्धा किलो दह्यातून रात्रभरात वाटीभर पाणी सहज उतरते; हेच पाणी एरवी कोशिंबिरीत उतरले असते.

सूचना: वांगी आणि काकडी रात्री चिरू नयेत. चिरलेले वांगे हवेने काळे पडते आणि काकडी मऊ होते. वांग्याचा मसाला वाटून ठेवला तरी चालेल, पण त्यात मीठ आणि कोथिंबीर सकाळीच घालावी.

## टप्पा ४: सकाळचा क्रम, मागून पुढे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लवकर उठून नऊ वाजताच सगळे करून मोकळे होण्याची सवय चांगली मानली जाते, पण त्यामुळे भाजी चार तास डब्यात बसते. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा सर्वमान्य नियम आहे. याच पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. याचा अर्थ भाजी एकतर ६० अंशांच्या वर गरम राहिली पाहिजे किंवा गॅस बंद करण्याची वेळ जेवणाच्या जवळ आणली पाहिजे.

म्हणून एक वाजल्यापासून मागे मोजावे. निघायचे साडेअकराला; डबे भरून झाकणे लागायची सव्वाअकराला; गवार गॅसवरून उतरायची अकराला; वांगी उतरायची अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ती उकळती थेट डब्यात जातील. त्यामुळे वांगी चिरून भरायला पावणेदहाला बसावे, गॅसवर ती साडेदहाला जावीत आणि दुसऱ्या शेगडीवर पावणेअकराच्या आधीच, दहा पस्तीसला, गवारीची फोडणी व्हावी. काकडी चिरण्याचे काम सर्वांत शेवटी, वांग्यांना वाफ येत असताना करावे.

मार्च ते मे या काळात पारा सहज ३५ च्या पुढे जातो. तेव्हा कोरडी भाजी निववून नेण्याचा विचार सोडून तीही गरम डब्यातूनच न्यावी.

## टप्पा ५: गवारीची कोरडी भाजी

सव्वा किलो गवार एका कढईत कोंबू नये. तळची मोडते, वरची कच्ची राहते आणि ढवळताना निम्म्या शेंगांचा भुगा होतो. दोन कढया वापराव्यात किंवा तळ रुंद असलेले मोठे पातेले घ्यावे.

सहा मोठे चमचे तेल तापवून त्यात मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे, एक छोटा चमचा ओवा, हिंग आणि हळद घालावी. ओवा टाळू नये. गवारीने पोट धरते त्यावर तो उतारा मानला जातो आणि गवारीच्या किंचित कडवटपणाला तो शोभतोही. गवार घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे उघडीच परतावी. मग अर्धी वाटी गरम पाणी शिंपडून ताट झाकावे आणि ताटावर थोडे पाणी ओतावे. मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटे लागतात. मध्ये एकदाच, खालून वर, उलथण्याने हलवावे.

शेंग नखाने सहज तुटू लागली की झाकण काढून तिखट, मीठ, गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ घालावा आणि आच वाढवून उरलेले पाणी पूर्ण आटवावे. गूळ थोडेसे पाणी सोडतो, म्हणून तो या टप्प्याच्या आधी किंवा नंतर घालू नये. कूट सर्वांत शेवटी. पाणी असताना घातलेले कूट ते पाणी पिऊन चिकट होते आणि दोन तासांनी भाजीवर लापशीसारखा थर दिसतो. आटल्यावर घातलेले कूट शेंगांना सुटे चिकटते. दीड वाटी कूट घालून दोन मिनिटे परतावे आणि गॅस बंद करावा.

तपासणी: कढई एका बाजूला कलती करावी. खाली तेल ओघळले तर भाजी तयार आहे. पाणी ओघळले तर अजून तीन मिनिटे उघडी परतावी. ही तपासणी न करता भरलेला डबा मी पुष्कळदा ओला झालेला पाहिला आहे.

भाजी लगेच डब्यात न भरता परातीत पसरून दहा मिनिटे वाफ जाऊ द्यावी. नंतर डबा भरून, त्याच्या तोंडावर स्वच्छ कोरडे सुती फडके पसरून मग झाकण लावावे. झाकणाला सुटणारा घाम फडके टिपते. गरम डब्यातून नेतानाही हे फडके हवेच.

## टप्पा ६: भरली वांगी

वांग्याचा देठ ठेवावा, फक्त काटे आणि टोपीची टोके छाटावीत. बुडाकडून अधिक चिन्हासारखी चीर देठापासून एक बोट अलीकडे थांबवावी. देठापर्यंत गेलेली चीर पन्हाळ्याच्या वळणांवर हमखास उघडते. प्रत्येक वांगे फाकवून अळी पाहावी आणि मिठाच्या पाण्यात टाकावे. भरण्याआधी ती वांगी चाळणीत बुडाकडची बाजू खाली करून दहा मिनिटे निथळू द्यावीत. हा दहा मिनिटांचा अवकाश घाईत गाळला जातो आणि मग आतले पाणी मसाला धुऊन बाहेर आणते.

चोवीस वांग्यांसाठी दोन वाट्या शेंगदाण्याचे कूट, पाऊण वाटी भाजलेले सुके खोबरे, पाव वाटी भाजलेले तीळ, चार मध्यम कांदे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन इंच आले, मूठभर कोथिंबीर, चार मोठे चमचे कांदा-लसूण चटणी, लिंबाएवढा गूळ आणि चवीनुसार मीठ घ्यावे. कांदा तेलात चांगला गडद होईपर्यंत परतून मगच वाटावा. घरी लगेच खायच्या वांग्यांत कच्चा कांदा चालतो, डब्यात तो पाणी सोडतो आणि उग्र लागतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावे एवढेच ओले ठेवावे. चाखताना ते किंचित जास्त खारट आणि तिखट लागले पाहिजे, कारण वांग्याच्या गराला स्वतःची चव थोडीच असते.

तेलात वांगी एका थरात ठेवून, फिरवत फिरवत, सहा-सात मिनिटे साल सुरकुतेपर्यंत परतावी. थरावर थर रचायचे असतील तर दोन खेपांत परतावे. मग उरलेला मसाला घालून तेल सुटेपर्यंत हलवावे आणि अडीच वाट्या उकळते पाणी कडेने सोडावे. गार पाणी ओतले तर उकळी मोडते आणि कटाचा रंगही फिका पडतो. झाकून मंद आचेवर शिजवावे. चिंचेचा कोळ वांगी निम्मी शिजल्यावर घालावा. आंबटाने भाजी उशिरा मऊ होते, त्यामुळे सुरुवातीला घातला तर वेळ बिघडते, पण या टप्प्यावर घातला तर वांग्यांचा आकार टिकून राहतो. कुकरमध्ये वांगी लावू नयेत. एका शिट्टीत ती फुटतात.

तपासणी १: देठाजवळ सुरीचे टोक टोचावे. ते थोड्या विरोधाने आत गेले की गॅस बंद करावा. घरच्या जेवणासाठी आपण सुरी लोण्यासारखी जाईपर्यंत थांबतो. इथे उरलेले शिजणे डब्यातल्या उष्णतेत होते.

तपासणी २: रस्सा पळीवरून सलग धारेने ओघळला पाहिजे. कूट आणि तीळ गार होताना पाणी ओढत राहतात, म्हणून गॅसवर ‘बरोबर’ वाटणारा रस्सा ताटात पडेपर्यंत गोळा झालेला असतो. गॅसवर तो थोडा पातळ वाटलाच पाहिजे.

उष्णता टिकवणारा हॉटपॉट आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटे ठेवावा, पाणी ओतून पुसून घ्यावा आणि त्यात उकळती वांगी भरावीत. थंड हॉटपॉट पहिल्या काही मिनिटांत भाजीचीच उष्णता खातो. डबा तीन चतुर्थांशच भरावा, नाही तर घाटात कट झाकणातून बाहेर येतो.

सूचना: चिंच घातलेली भाजी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये. आंबट रस धातू ओढतो आणि भाजीला कळकट चव येते.

## टप्पा ७: काकडीची कोशिंबीर, सुट्या भागांत

मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते. घरून कालवून नेलेली कोशिंबीर पातळ होण्याचे कारण एवढेच आहे, आणि त्यावर उपायही एकच आहे: मीठ आणि काकडी यांची भेट पंगत बसताना व्हावी.

प्रत्येक काकडीचे टोक कापून चाखावे. एक कडू काकडी दीड किलो कोशिंबीर वाया घालवते. काकडी सोलून, बिया जास्त असल्यास काढून, चोचवून, म्हणजे सुरीने टोचे मारत बारीक चिरून घ्यावी. किसू नये, कारण किसलेली काकडी मिठाची वाटही पाहत नाही. ती फडके घातलेल्या एका डब्यात भरावी. दुसऱ्या डब्यात बांधलेले दही दोन छोटे चमचे साखर घालून फेटून घ्यावे. तूप, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी पूर्ण गार करून लहान डबीत भरावी. मीठ आणि एक वाटी कूट वेगवेगळ्या पुड्यांत बांधावे. काकडी आणि दही यांच्यामध्ये बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवून तिन्ही एका पिशवीत न्यावे. ही पिशवी गरम डब्याशेजारी ठेवू नये.

## टप्पा ८: पोहोचल्यावर

डब्यावर पदार्थाचे नाव आणि कांदा-लसूण आहे की नाही हे लिहिलेली चिठ्ठी आधीच चिकटवलेली असावी. प्रत्येक डब्यासोबत स्वतःची पळी न्यावी. ती विसरली की वांग्यांची पळी गवारीत जाते आणि ज्याच्यासाठी गवार वेगळी केली त्यालाच ती खाता येत नाही.

हॉटपॉट पाने मांडून होईपर्यंत उघडू नये. सतत झाकण काढून पाहण्याने दोन तासांची उष्णता दहा मिनिटांत जाते. उघडल्यावर रस्सा आळलेला दिसला तर थर्मासमधून आणलेले अर्धी वाटी गरम पाणी कडेने सोडून, वांगी न ढवळता, भांडे हलकेच फिरवावे. गवार खालून वर एकदा हलवून चाखावी. मीठ कमी असेल तर ते इथे घालता येते, जास्त असेल तर काही करता येत नाही, म्हणूनच घरी हात आखडता ठेवायचा. चिरलेली कोथिंबीर या वेळीच पेरावी.

कोशिंबीर सर्वांत शेवटी, लोक पानावर बसल्यावर करावी. दह्यात फोडणी, मग मीठ, मग कूट आणि सर्वांच्या शेवटी काकडी घालून दोनच वेळा हलवावे. वीस माणसांत दोन पंगती होणार असतील तर निम्मी काकडी आणि निम्मे दही बाजूला ठेवून दुसऱ्या पंगतीला नव्याने कालवावे.

उरलेली वांगी आणि कालवलेली कोशिंबीर रात्रीच्या जेवणासाठी घरी आणू नये; तोपर्यंत ती अनेक तास कोमट राहिलेली असतात. गवार उरली आणि तीही दोन तासांहून जास्त वेळ उघडी राहिली असेल तर तिचाही मोह धरू नये. न कालवलेली काकडी आणि गार राहिलेले दही मात्र नीट झाकून परत आणता येते.